चाराच्या जागी सात

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पितळी कड्यात बसवलेली, तळहातात मावणारी काच. कारखान्यात बारीक पूड लावून मला दोन दिवस घासलं, तेव्हा कुठे मला नजर आली. माझं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर आहे. कागद त्याच्या आत असला तर अक्षर मोठं आणि स्वच्छ दिसतं. जरा लांब गेला की सगळं धूसर. म्हणून मला वापरणाऱ्याला मान खाली घालून, थांबून बघावं लागतं.

असा थांबणारा माणूस मला लाभला. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते छोट्या जाहिराती तपासत. सगळे त्यांना उलटेकाका म्हणत, कारण फोन नंबर ते शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे वाचायचे. जाहिरात देणाऱ्याने नंबर स्वतःच्या हाताने अर्जावर लिहायचा, असाही त्यांचा नियम होता.

"काका, सरळ वाचलात तर काय आकाश कोसळेल?" टंकन करणाऱ्या ताई चिडवायच्या.

"सरळ वाचताना डोळा पुढचं गृहीत धरतो, ताई. आणि आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो तेव्हा तोंडात सात आधी येतो, लिहायचा मात्र चार आधी. बोटं तिथेच फसतात."

छापलेलं अक्षर माझ्याखाली काळ्या शाईचं दिसे, कडेला किंचित पसरलेलं. एकदा छापलं की ते बदलत नसे, म्हणून छापण्याआधी सगळे घाबरत. ती भीती फार कामाची होती. "आपल्या पेपरात नंबर चुकत नाही," असं संपादक पाहुण्यांना सांगत आणि मला उचलून दाखवत. तेव्हा माझं पितळ रोज पुसलं जाई.

मग इंटरनेट आलं. घरं, नोकऱ्या, जुन्या सायकली, सगळ्यांच्या जाहिराती फोनवर गेल्या. आमची चार पानं होती, त्यांचं एक झालं, मग पाव. ताईंना घरी पाठवलं. काकांचं टेबल जिन्याखाली सरकलं. वेबसाइटवरचा मजकूर त्यांच्याकडे येतच नसे. "चुकलं तर नंतर दुरुस्त करता येतं," वेबसाइट सांभाळणारा ऑपरेटर म्हणे. माझ्यावर धूळ बसू लागली.

एका दुपारी दोन वाजता एक शिवणकाम करणारी बाई धावत आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. तिच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता. सकाळी दार उघडं राहिलं आणि ते निघून गेले होते.

"आत्ता टाका हो! उद्याच्या पेपरापर्यंत ते कुठच्या कुठे जातील."

"दोन मिनिटांत टाकतो. नंबर सांगा."

तिने भराभर नंबर सांगितला. शेवटी म्हणाली, "सत्तेचाळीस." ऑपरेटरच्या बोटांनी आधी सात दाबला, मग चार. वडिलांच्या फोटोखाली नंबर झळकला. उद्याच्या पेपरासाठी तिने काकांकडे अर्ज भरला आणि ती शोधायला पळाली.

चार वाजता छपाईआधीचा तपासणीचा कागद काकांकडे आला. मजकूर वेबसाइटवरूनच उचललेला होता. काकांनी मला हातात घेतलं. अर्जावरचा शेवटचा आकडा सात. कागदावरचा चार. काका पहिल्याच आकड्याला अडकले. जिना चढताना ते मला खाली ठेवायला विसरले, म्हणून पुढचं मी पाहिलं.

"अरे, नंबर चुकलाय!"

ऑपरेटरने दोन कळा दाबल्या. "झालं, काका. केवढं टेन्शन घेता!"

काकांनी मला पडद्यावर धरलं. लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाचे ठिपके. ४७. खाडाखोड नाही, चूक झाल्याची खूणही नाही. पण त्या दोन तासांत लोकांनी फोटो आणि नंबर तेवढा कापून घेतला होता आणि एकमेकांना पाठवला होता. ती चित्रं परत घेणं आता कोणाच्याच हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छापलेला, बरोबर नंबर पाहून एका बस कंडक्टरने त्या बाईला फोन केला. मग तो आमच्या कचेरीत आला.

"तीन वाजता शेवटच्या थांब्यावर बाकावर बसले होते. फोनवर आलेल्या फोटोवरून ओळखलं, त्याखालच्या नंबरवर तीनदा फोन लावला. बंद. 'आजोबा, इथंच बसा हं,' म्हणालो. बस सोडायची वेळ झाली होती. परत आलो तर बाक रिकामा."

तो चुकलेला नंबर एका अनोळखी माणसाचा होता. सारखे फोन येऊ लागले म्हणून वैतागून त्याने फोन बंद करून ठेवला होता. त्याचा तरी काय दोष?

बाईचे वडील आजतागायत सापडलेले नाहीत.

त्यानंतर छोट्या जाहिरातींचं पान बंद झालं आणि काकांचं कामही संपलं. जाताना त्यांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या घरी, औषधांच्या डब्याशेजारी असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला मी लागतो, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या बोटात एका संपूर्ण छापखान्याची ताकद आहे, आणि तुम्हाला थांबवायला जिन्याखाली कोणी बसलेलं नाही. काही पुढे पाठवण्याआधी एकदा उलटं वाचा. मी हे सांगतो आहे खरं, पण कोणी थांबेल अशी आशा मला फारशी उरलेली नाही.

कारण परवा ती बाई काकांकडे आली होती. दोन वर्षं झाली. दूरच्या मावशीने तिच्याच फोनवर तिच्याच वडिलांचा फोटो पाठवला होता. वर लिहिलं होतं, 'आजच हरवले आहेत, सर्वांना पाठवा.' बाईने फोन पुढे केला. काकांनी मला त्यावर धरलं आणि सवयीने शेवटून वाचायला सुरुवात केली.

"चार," ते म्हणाले, आणि थांबले.