हिरव्याशेजारचा हिरवा

मित्रांनो, बर्फाच्या ट्रेला कुणी हालहवाल विचारत नाही. त्याला पिळायचं, ओट्यावर आपटायचं, पाणी भरायचं आणि परत थंडीत ढकलायचं, एवढाच त्याचा आणि माणसांचा संबंध. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी निळ्या प्लास्टिकचा, एका कडेला वाकलेला म्हातारा ट्रे आहे, आणि तुम्हाला माझी गोष्ट सांगताना माझी मान वर होत नाही. मला मान नाही हे खरं, पण असती तर खालीच असती.

माझा जन्म कारखान्यातला. उकळतं प्लास्टिक साच्यात ओतलं, वरून दाब दिला, आणि बाहेर पडलो तो मी. माल तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, दोन्ही हातांनी पिळलं आणि म्हणाल्या, "चालेल." छान नाही, सुरेख नाही, नुसतं चालेल. पण मी तेवढ्यावरच फुगून बसलो. दुकानात बरेच दिवस टांगून राहिल्यावर एका तरुण जोडप्याने मला घरी नेलं.

नवरा रंगारी होता. लोकांच्या भिंती रंगवायचा. बायको एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायची. तिच्या बोटांना रोज कुठे ना कुठे चटका बसलेला असे. घरी आली की ती आधी माझ्यातला एक खडा काढून बोटावर धरायची आणि म्हणायची, "हुश्श!" ते ऐकलं की मला धन्य वाटायचं. पुढे तिचा हात सरावला, चटके कमी झाले, आणि मी मटारच्या पिशवीखाली गाडला गेलो. तिथे किती काळ गेला कुणास ठाऊक. अंगावर बोटभर बर्फ चढला. माझी आठवणही कुणाला राहिली नसावी.

मग त्या घरात एक मुलगी जन्माला आली. दिसायला गोल गरगरीत, म्हणून सगळे तिला गोटी म्हणू लागले. गोटीला दात फुटायला लागले तशी तिच्या आईची रजा संपली. घरी राहणार कोण, तर रंगाऱ्याचे वडील, नाना. तेही जन्मभर रंगकाम केलेले. टर्पेंटाइन हुंगून हुंगून त्यांचं नाक गेलं होतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नातीवर त्यांचा जीव होता, पण स्वयंपाकाच्या नावाने शंख. चहा करायला गेले तरी पातेलं करपायचं.

आईने फ्रीझर खरवडून मला बाहेर काढलं, गरम पाण्याने धुतलं, आणि माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून ओट्याशी उभी राहायची. गाजर, लाल भोपळा, पालक, मटार, मऊ शिजवलेली डाळ. काही म्हणून टाकायची नाही. फुलकोबीचे दांडे सोलून आतला कोवळा गाभा घ्यायची. भाजी उकडलेलं पाणी डाळीत जायचं. बाजार उठता उठता मिळालेल्या वाकड्यातिकड्या गाजरांना ती म्हणायची, "वाटल्यावर कोण बघतंय तुमचं रूप!" मग सगळं वेगवेगळं वाटून, गार करून माझ्या कप्प्यांत भरायची. गोठलेले ठोकळे डब्यांत निघायचे आणि मी पुन्हा भरला जायचो. आठवड्याभराचं गोटीचं जेवण असं तयार व्हायचं.

नानांना एवढंच करायचं होतं, की हवा तो ठोकळा काढायचा, मऊ भाताबरोबर वाटीत घालायचा, आणि वाटी गरम पाण्यात ठेवायची. "बोला बाईसाहेब, आज हिरवा की केशरी?" असं ते विचारायचे आणि गोटी बोट दाखवायची. घास द्यायच्या आधी नाना एक थेंब मनगटावर टाकून किती गरम आहे ते बघत. चाखत मात्र नसत. पोरीच्या वाट्याचं चमचाभरही आपल्या पोटात जाऊ नये, असा त्यांचा हट्ट होता. मला तो हट्ट फार आवडायचा. आता आठवला की अंगावर काटा येतो.

खरं तर तेव्हापासूनच मला थोडं अपराधी वाटायला लागलं होतं. एकदा गोटीची मावशी आली. मी ओट्यावर भरलेलाच होतो. मावशी मला बघून म्हणाली, "अगं, बर्फ खायला घालतेस होय लेकराला? ताजं दोन घास करायला किती वेळ लागतो?"

गोटीची आई हसून म्हणाली, "ताई, तो वेळच तर नाहीये ना!" पण मावशी गेल्यावर ती मला हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं, माझ्यामुळे हिला बोलणी खावी लागली. मी नसतो तर हिने काहीतरी दुसरी वाट काढली असती. तसं पाहिलं तर गोटी बाळसं धरत होती, वाटी चाटून पुसून साफ करत होती. पण मनाला एकदा खुपलं की खुपलं.

आणि मग ते मिरच्यांचं प्रकरण झालं.

एका संध्याकाळी रंगारी पिशवीभर हिरव्या मिरच्या घेऊन आला. भाजीवाला दुकान बंद करत होता, त्याने जवळजवळ फुकटच दिल्या होत्या. सगळ्या एकदम संपणार नाहीत आणि टाकवणार तर मुळीच नाहीत. बायको गोटीला झोपवत होती. रंगाऱ्याने मिरच्या वाटल्या. मी फ्रीझरमध्ये होतो, पालकाने भरलेला, पण शेवटचे दोन कप्पे रिकामे होते. रिकामी जागा वाया जाते हे त्या घरातल्या कुणालाच बघवत नसे. त्याने त्या दोन कप्प्यांत मिरचीचं वाटण भरलं, मला परत आत ठेवलं आणि हात धुतले.

त्याला धोका दिसला नाही असं नाही. तो क्षणभर थांबला होता. पण पालकाचा हिरवा काळपट आणि मिरचीचा पिवळसर, हे त्याला लख्ख दिसत होतं. घरात दोन पिढ्या रंगारी. नानांनीच त्याला रंग मिसळायला शिकवलेलं. नानांना हिरव्याशेजारचा हिरवा कळणार नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. सांगायचं म्हणून बायकोला सांगणार होता, पण तीही गोटीबरोबर झोपून गेली होती. सकाळी सगळ्यांचीच पळापळ. राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटीने हिरवा मागितला. नानांनी मला बाहेर काढलं आणि शेवटच्या कप्प्यावर अंगठा दाबला.

मित्रांनो, मी किती घट्ट धरून ठेवलं होतं त्याला! पण माझा तर धर्मच सोडण्याचा. ठोकळा सुटला. वाटीत गेला, भातात विरघळला. नानांनी थेंब मनगटावर टाकला. कोमट होता. ते हसले, "आ कर," म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो घास गोटीच्या तोंडात गेला.

तिची किंकाळी अजून माझ्या कप्प्याकप्प्यात आहे. ती लालबुंद झाली. नाना तिला कडेवर घेऊन घरभर धावत सुटले. पाणी दिलं, दूध दिलं, शेजारणीला हाका मारल्या. नंतर त्यांनी बोट वाटीत बुडवून जिभेला लावलं आणि मटकन खाली बसले.

डॉक्टर म्हणाले, इजा काही नाही, तोंड निवेल. तोंड निवलं, पण त्यानंतर ते उघडेना. दूध तेवढं घ्यायची. चमचा दिसला की ओठ गच्च मिटायची आणि मान फिरवायची. नानांच्या हातात चमचा असला तर रांगत पलंगाखाली जाऊन बसायची.

आता त्या घरात जो तो मनातल्या मनात स्वतःलाच खाऊ लागला. नाना म्हणाले, "माझंच चुकलं. थोडं चाखलं असतं तर काय बिघडलं असतं?" आईला मिरचीच्या वाटणाचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नाही नाना, मीच मिक्सर नीट धुतला नसणार. चार दिवसांचं एकदम उरकायला जाते ना, मग असं होतं. ताई म्हणत होती ते काही खोटं नव्हतं." आणि रंगारी? तो भिंतीला टेकून गप्प बसला होता. त्याला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मला त्याचा राग आला, आणि लगेच स्वतःचा जास्त आला. सत्य तर माझ्या पोटातही होतं. दुसरा ठोकळा अजून माझ्यात होता.

गोटी रोडावत चालली. एका सकाळी तिची आई म्हणाली, "मी आज लाँड्रीत सांगून येते. उद्यापासून येणार नाही म्हणून. माझ्या हातचं ताजं मिळालं तर खाईल तरी."

नाना म्हणाले, "अगं, सोडू नकोस. मी गावाकडे जातो हवं तर. एखादी चांगली बाई ठेवा पोरीला सांभाळायला." म्हणजे बघा, एक काम सोडायला निघाली, दुसरा घर.

तेव्हा रंगारी उठला. फ्रीज उघडून त्याने मला बाहेर काढलं. तो ठोकळा बेसिनमध्ये टाकून नळ सोडला असता तर आयुष्यात कुणाला पत्ता लागला नसता. मला वाटलं, टाकणार आता. पण त्याने मला तसंच उचललं आणि बायकोसमोर ठेवलं.

"हे मी भरलं होतं," तो म्हणाला. "मिरची आहे ही. मला वाटलं, रंग बघून नानांना कळेल."

बायकोने बोट लावून चाखलं. तिचे डोळे भरून आले, मिरचीने की रागाने ते मला कळलं नाही. "इतके दिवस?" ती म्हणाली. "इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, नाना झोपत नाहीत, आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"लाज वाटली गं."

नाना खाली बघत म्हणाले, "लाज मलाही वाटली. हिरवे आता सगळे सारखेच दिसतात, हे मी तरी कुठे सांगितलं तुला? रंगाऱ्याने कसं सांगायचं ते?"

मग आईने दोन केशरी ठोकळे गरम केले आणि सगळे जमिनीवर बसले. आईने एक चमचा खाल्ला. रंगाऱ्याने खाल्ला. गोटी लांबून बघत होती. हळूहळू रांगत आली, आईच्या हातातून चमचा ओढून घेतला, भरला, आणि सांडत सांडत थेट नानांच्या तोंडापाशी नेला.

नानांनी आ केला. घास तोंडात गेला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गोटीने ते बघितलं आणि लगेच आपले ओठ गच्च मिटले.

"नाना, रडू नका!" आई कळवळून म्हणाली. "तिला वाटतंय तिखट आहे."

नानांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. श्वास आत घेतला. "घाल बाई पुन्हा," म्हणाले. गोटीने पुन्हा घास घातला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसली. त्या म्हाताऱ्याने सगळं रडू भोपळ्याबरोबर गिळलं आणि हसून दाखवलं. मग कुठे गोटीने तोंड उघडलं.

आई कामावर जातेच आहे, आणि नानाही घरीच आहेत. मिरचीसाठी आता वेगळी डबी आहे. मला कुणी दोष दिला नाही, उलट दर आठवड्याला भरतात, म्हणून तर जास्त जीव जळतो. गोटी चालायला, बोलायला लागली, पण अजूनही पहिला घास नानांना भरवते. आलेगेले म्हणतात, "किती माया आहे हो पोरीला आजोबांची!" नाना घास खातात आणि चेहरा हसरा ठेवतात. ती माया नाही, ती खात्री करून घेतेय, हे त्यांना कळतं आणि ओट्यावरून मला कळतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घाईत असाल, चार दिवसांचं एकदम करून ठेवाल. जरूर ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पण काय कुठे ठेवलंय ते घरातल्यांना तोंडाने सांगा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. आणि लहान लेकराला भरवण्याआधी चमचाभर स्वतः खाऊन बघा, म्हणजे आधी दुसऱ्याला भरवून खात्री करून घ्यायची वेळ त्या लेकरावर येणार नाही.