सहादेव छाप

पूर्वी कोपरगावात रंगनाथच्या कारखान्याकडं वळलं की आधी घणाचा आवाज यायचा, मग माणसं दिसायची. त्या वर्षी तिथं नुसता पंखा फिरत होता. ऊसतोडीच्या कोयत्यांची पाती आता एका दलालामार्फत दूर परमुलखातून घडून यायची. इथं फक्त मूठ बसवायची आणि पात्यावर 'सहादेव' असा वडलांच्या नावाचा शिक्का मारायचा. निम्म्या खर्चात काम! भट्टी विझली, घडाईवाले घरी बसले आणि आमचे रंगनाथराव खुर्चीत मिशीला पीळ देत बसले.

"तिकडच्यांनी ऊस तरी पाह्यलाय का रं?" आई भीमाबाई विचारायची. "तापल्या पात्याला पानी कोन देतं? पानी नीट बसलं न्हाई तर पातं मोडतं, बाबा."

"आई, तुला धंद्यातलं काय कळतं?"

ऐन हंगामात पाथर्डीकडचा तोडकरी गहिनीनाथ दारात आला. फडक्यातून त्यानं मोडका कोयता काढला.

"मालक, मी उसावर घाव घातला अन् पातंच तुटून उडालं. राहीची, माझ्या कारभारनीची, उजव्या हाताची बोटं गेली."

रंगनाथला वाटलं, आता हा भांडणार! पण गहिनीनाथ जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "भांडाया न्हाई आलो. तुमाला सावध कराया आलो. कुनीतरी तुमच्या वडलांच्या नावाचा खोटा शिक्का मारून माल इकतंय बघा! माझ्या बापानं सहादेव छापच वापरला. पातं झिजायचं, पर मोडलं कधी न्हाई. ह्यो माल तुमचा असूच शकत न्हाई."

अरे देवा! त्यानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पळवाट आयती चालून आली होती आणि रंगनाथनं ती धरली. "बरं झालं सांगितलंस. फौजदाराला कळवतो."

गहिनीनाथ समाधानानं उठला.

"थांब बाबा," आतून भीमाबाई आली आणि लेकाकडं वळली. "तू सांगतोस, का मी सांगू?"

रंगनाथची मान खाली गेली. "शिक्का खरा आहे, गहिनीनाथ. मीच मारलाय. पातं कुणी घडवलं, ते मात्र मलाही ठाऊक नाही."

 मोडका कोयता तिथंच ठेवून गहिनीनाथ निघून गेला.

"काम दुसऱ्याला देता येतं रं, नाव देता येत न्हाई," भीमाबाई म्हणाली. "चूक तिकडं झाली, बोटं हितं तुटली, अन् बोल कुनाला? तुझ्या गेलेल्या बापाला! त्या कोयत्यात पानी न्हवतं. तुझ्यात तरी हाय का, बघू दे."

 विकलेले कोयते रंगनाथनं परत मागवले, राहीबाईच्या औषधपाण्याची सोय केली आणि तडक सरकारी दुष्काळी कामावर गेला. तिथं त्याचा जुना घडाईवाला कानिफनाथ खडी फोडत होता. चारचौघांत रंगनाथनं हात जोडले.

"चुकलो. चल, भट्टी पेटवू."

"बाकीचे सुरतेला गेले, मालक. मी एकटा किती घडवनार?"

"जमेल तेवढं घडव. पहिला कोयता राहीबाईला द्यायचा."

कानिफनाथनं हातोडी खाली ठेवली. "येतो. पर ती आता त्यो कुठल्या हातात धरंल?"



मंडळी, काम खुशाल परमुलखात पाठवा, स्वस्तही पडेल. पण ज्या मालावर आपलं नाव, त्यावर नजरही आपलीच हवी! जबाबदारी ठेक्यानं देता येत नाही, आणि भट्टी पुन्हा पेटली म्हणून तुटलेली बोटं परत येत नाहीत.