गार्डाच्या डब्याचा रंग

मित्रांनो, मी एक जुना एअरब्रश आहे. 'जुना' हा शब्द लोक जरा हळू आवाजात उच्चारतात. मी मात्र ठणकावून सांगतो. काम केलं म्हणून मी जुना झालो. नुसतं पडून राहिलो असतो तर फक्त शिळा झालो असतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलं नसेल. दिसायला मी एखाद्या जाड पेनासारखा. डोक्यावर रंगाची इवलीशी वाटी, पोटात लांब सुई, पुढे बारीक नाक आणि पाठीवर एक खटका. कॉम्प्रेसरची नळी जोडून खटका खाली दाबला की माझ्या नाकातून वारा सुटतो, आणि तोच खटका मागे ओढला की वाऱ्यासोबत रंग निघतो. जितका ओढाल तितकाच, एक कणही जास्त नाही. हा गुण सगळ्यांना लाभत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो कुपवाडच्या एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा आणि माझे मालक चांदसाहेब यांचा हात. काय हात होता! बुलेटच्या टाकीवर आम्ही वाघ काढला तेव्हा शेजारच्या गाळ्यातलं कुत्रं त्याच्यावर भुंकलं होतं. म्हसवडचे टेम्पोवाले 'सिद्धनाथ प्रसन्न' लिहून घ्यायला एवढ्या लांब आमच्याकडे यायचे. अक्षराची सावली अशी पडायची की बघणारा बोट लावून खात्री करायचा. मी तेव्हा चांगलाच शेफारलो होतो, हे कबूल करतो.

चांदसाहेबांचे दोन नियम होते. पहिला फवारा नेहमी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मारायचा. तिथे रेघ स्वच्छ उमटली तरच पुढे कामाला हात लावायचा. आणि काम संपलं की आधी मला थिनर पाजून धुवायचं, मगच स्वतः चहा प्यायचा. कुणी हसलं तर ते म्हणायचे, "रानातनं आल्यावर शेतकरी आधी बैलाला पाणी दावतो, मग आपण पेतो. ह्यो माझा बैल हाय."

पुढे स्टिकर आले. यंत्रानं कापलेले वाघ दहा मिनिटांत टाकीवर चिकटू लागले. त्यातच चांदसाहेबांच्या हाताला कंप सुटला. एकदा मी त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडलो आणि माझ्या कमरेला पोचा पडला. त्यांनी मला उचललं, धुतलं, पुसलं आणि बिस्किटांच्या एका डब्यात ठेवून झाकण लावलं. तीन वर्षं मी त्या अंधारात होतो. माझा राग कुणावर नव्हता, पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

मग एके दिवशी झाकण उघडलं. त्याचं कारण होतं लोणंदची राजेश्वरी.

राजेश्वरी शाळेत चित्रकला शिकवते. तिचे वडील लालासाहेब मालगाडीचे गार्ड होते. पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी लोणंद, सातारा, मिरज असा सगळा मुलूख पालथा घातला. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू गेले. पण नजर जाता जाता या गड्यानं काय करावं? तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून आपली मालगाडी बनवायला घेतली. सहा वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि शेवटी गार्डाचा डबा, प्रत्येक वीतभर लांब. पत्र्याच्या मागून खिळ्यानं हलके ठोके देऊन त्यांनी पुढच्या बाजूला रिव्हेट उठवले होते, मोहरीच्या दाण्याहून बारीक, एका ओळीत. शेवटचे डबे तर त्यांनी पूर्ण अंधारात, नुसत्या बोटांनी केले. त्यांच्या खऱ्या गार्डाच्या डब्याला पायरीपाशी पोचा होता, तोही त्यांनी या पत्र्याच्या डब्याला ठोकला होता.

आता राहिला होता रंग. लालासाहेब रोज विचारायचे, "राजे, रंग कवा देनार?"

"अण्णा, कशाला पाहिजे रंग?" एकदा तिनं विचारलं. तुम्हाला दिसणार आहे का, हे शब्द तिनं गिळले, पण त्यांना ते ऐकू आलेच.

"मला दिसत न्हाई म्हणून गाडीला रंग नगं व्हय? आगं, बिनरंगाचा डबा यार्डात ऱ्हातो. त्यो लायनीवर जात न्हाई."

मग राजेश्वरीनं घराच्या फाटकाला आणि उसाच्या ट्रॉलीला देतात तोच ऑइलपेंट आणला आणि पहिल्या वाघिणीला ब्रशनं दोन हात मारले. आमच्याकडे लोखंड म्हटलं की दोन हात मारायचेच, एकात कुणाचं समाधान होत नाही. वाघीण काय चकाकली! वाळल्यावर तिनं ती वडिलांच्या हातात दिली. त्यांनी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. सगळे रिव्हेट रंगाखाली बुडाले होते.

"ह्यो डबा कुनाचा गं?" ते म्हणाले. "माझा न्हाई. वळखू यीना." आणि त्यांनी वाघीण खाली ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणजे गाडीला रंग तर हवा, पण बोटांना तो जाणवता कामा नये. हे काम ज्याला जमेल असा एअरब्रश शोधत राजेश्वरी रेल्वेनं सांगलीला आली आणि विचारत विचारत कुपवाडच्या गाळ्यात पोचली. पिशवीतून तिनं रिव्हेट ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या काढल्या. अण्णांनी हात बसवायला केलेल्या त्या सरावाच्या पट्ट्या होत्या.

चांदसाहेबांनी टेबलावर आधी ट्रॉल्या रंगवायची मोठी स्प्रेगन ठेवली. तिच्या शेजारी ठेवला एक नवाकोरा एअरब्रश. त्याच्या पोटाखाली रंगाची बाटली लोंबत होती आणि तो असा चमकत होता की जणू लग्नालाच निघालाय. त्याचं बटण दाबलं की वारा आणि रंग एकदमच सुटायचे.

"ह्यो घ्या ताई," चांदसाहेब म्हणाले. "नवा हाय, शिकायला लय सोपा."

"आणि त्या डब्यात काय आहे चाचा?"

"त्यो म्हातारा हाय. माझ्यावानी."

तरी तिनं झाकण उघडलं. मित्रांनो, तीन वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला! चांदसाहेबांनी मला खोलून धुतलं, सुई पुसली, कॉम्प्रेसर सुरू केला आणि राजेश्वरीला तिन्ही हत्यारं चालवून बघायला सांगितलं.

खरं सांगतो, पहिल्या पट्टीवर मी तिला तोंडघशी पाडलं. तिनं खटका भसकन मागे ओढला आणि रंगाचं थारोळं झालं. नव्या एअरब्रशनं मात्र पहिल्याच झटक्यात पट्टी सारखी रंगवली. तो माझ्याकडे बघून हसला असणार. चांदसाहेबांनी वाटीत नवा रंग कालवला.

"रंग ताकावानी पातळ झालता ताई. दुधावानी पाहिजे. त्ये बी म्हशीच्या न्हाई, गाईच्या. आन् खटका वढू नका, नुसता मागं सरकवा. कडंला आला की कमी करा."

दुसऱ्या पट्टीवर मी कडेला कमी झालो, मध्ये थोडा वाढलो, पुन्हा कमी झालो. सगळ्या पट्ट्या उन्हात वाळवल्या. मग राजेश्वरीनं काय केलं? डोळे मिटले आणि एकेका पट्टीवरून बोट फिरवलं. गनच्या पट्टीवर काहीच लागलं नाही. नव्याच्या पट्टीवर मधले रिव्हेट लागले, पण कडेचे रंगात बुजले होते. माझ्या पट्टीवरून तिनं बोट सावकाश नेलं आणि तोंडानं मोजलं, "एक, दोन, तीन..." चोविसाव्या रिव्हेटला पट्टी संपली. एकही हरवला नव्हता.

"चाचा, मला हा पाहिजे," डोळे न उघडताच ती म्हणाली.

"अवघड हाय त्यो. महिनाभर रडवंल तुमाला."

"रडीन की."

चांदसाहेबांनी मला हातात घेऊन फडक्यानं पुसलं. "ह्यो इकायचा न्हाई," ते म्हणाले. "तसाच घिऊन जावा. फकस्त नखावर बघितल्याबिगर डब्याला लावू नका, आन् ह्याला धुतल्याबिगर च्याला तोंड लावू नका."

लोणंदला मी खरोखरच तिला महिनाभर रडवलं. जुन्या पत्र्यांवर सराव करून तिचं बोट सुजलं. त्या ऑइलपेंटात बुडालेल्या वाघिणीचा रंग तिनं थिनरच्या बोळ्यानं पुसून काढला. मग एकेक वाघीण रंगत गेली, मालगाडीचा असतो तसा काळपट तांबडा रंग, अगदी विरळ, थरावर थर. लालासाहेब ओसरीवर बसून नुसता वास घ्यायचे. "सगळी गाडी झाल्याबिगर हात लावायचा न्हाई, अण्णा," असं तिनं बजावलं होतं.

आणि नेमका घात झाला तो सहावी वाघीण झाल्यावर. शाळेतून फोन आला, परीक्षेचं काहीतरी होतं. ती बोलत बोलत चहा घेऊन बाहेर गेली आणि मला धुवायचं राहिलं. रंग माझ्या घशात सुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डाचा डबा समोर आला. तोच तो डबा, पायरीपाशी पोचा असलेला, अंधारात बोटांनी घडवलेला, आणि यापुढे दुसरा होणार नव्हता, कारण लालासाहेबांच्या बोटांतही आता ती ताकद उरली नव्हती. राजेश्वरीनं वाटीत रंग घातला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. तिनं मला डब्यापाशी नेलं, मग काय आठवलं कोण जाणे, परत मागे घेतलं आणि डावा अंगठा पुढे केला. मी थुंकलो. रंगाचं एक जाड ढेकूळ पचकन तिच्या नखावर पडलं.

तिनं गार्डाचा डबा बाजूला सरकवला. मग तिनं मला सुईपासून नाकापर्यंत खोललं, तीनदा धुतलं आणि म्हणाली, "चुकलं रं बाबा माझं." माझी माफी आजवर कुणी मागितली नव्हती. त्यानंतर मी तो डबा असा रंगवला की तसं काम मी वाघ काढायच्या ऐन भरातही केलं नव्हतं.

डबा वाळला. सातही डबे पाटावर ओळीनं लागले. राजेश्वरीनं वडिलांचा हात धरून गार्डाच्या डब्यावर ठेवला. बोटं रिव्हेटांवरून चालू लागली. कोपऱ्यावर वळली, दार सापडलं, पायरी सापडली, पोचा सापडला. तिथे अंगठा थांबला. मग लालासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"राजे, रंग दिलाच न्हाईस व्हय अजून?"

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला मिळाली नाही.

"दिलाय अण्णा," ती म्हणाली. "वास घ्या."

त्यांनी डबा नाकाशी नेला. ताज्या रंगाचा वास छातीत भरून घेतला. डबा जागेवर ठेवला, खिशातली गार्डाची शिट्टी काढली आणि अशी जोरात फुंकली की गल्लीतली माणसं दारात आली.

"सोडा गाडी," ते म्हणाले. "यार्डातनं भायेर पडली." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "च्या ठेव गं राजे!"

"थांबा अण्णा. आधी ह्याला धुते."

"आण इकडं. बघू तरी कोन हाय ह्यो गडी."

तिनं मला त्यांच्या हातात दिलं. रिव्हेट वाचणारी ती बोटं माझ्या वाटीवरून, खटक्यावरून फिरली आणि कमरेपाशी येऊन थांबली, चांदसाहेबांच्या हातून पडलो होतो तिथे.

"आगं, ह्याला बी पोचा हाय की!" लालासाहेब म्हणाले. "मग ह्यो आपल्या गाडीतलाच."

तेव्हापासून रोज राजेश्वरीचं चित्रांचं काम संपलं की लालासाहेबच मला धुतात आणि त्यांचा चहा तोवर गार होतो. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं पोचा पडलेलं हत्यार झाकणाखाली पडलं असेल. झाकण उघडून बघा. आणि त्याच्याकडून काम करून घेतलंत, तर तुमचा चहा जरा थांबू द्या, आधी त्याला धुवा.