पाय बांधलेला गेंडा

त्या बुधवारी ताप भरला नसता तर गेंडा आपल्याच घरी आला असता, हे कमळच्या डोक्यातून जाईना.

बोरिवलीच्या अनंतरावांचं घर तिचं जुनं गिऱ्हाईक. मनोरीहून फेरीबोटीनं मार्व्याला उतरायचं, रिक्षा धरायची आणि मासळीची पाटी घेऊन थेट त्यांच्या दारात. शुभाताई पैसे आणायला आत गेल्या की कमळ समोरच्या भिंतीवरचं चित्र बघत बसायची. काळ्या रेषांचा एक गेंडा. नाकावर शिंग, अंगभर खवल्यांसारखे गोल गोल ठिपके, जसा काही घोळ मासा पाय फुटून जमिनीवर आलाय. पुढचे दोन्ही पाय दोरीनं बांधलेले.

अनंतरावांनी तिला त्याची गोष्ट सांगितली होती. पाचशे वर्षांमागं कुणा जर्मन माणसानं तो लाकडावर कोरून कागदावर छापला, आणि ही त्याची नक्कल. खरा गेंडा आपल्या गुजरातेतला. जहाजात घालून परदेशी राजाकडे नेला. त्या राजानं तो पुढे भेट म्हणून दुसरीकडे पाठवला, तर वाटेत वादळ आलं आणि जहाज बुडालं.

"गेंडा पोहतो बरं का कमळबाई," अनंतराव म्हणाले होते. "पण साखळीनं बांधलेला होता ना. गेला बिचारा."

तेव्हापासून कमळ त्याला आपलाच समजत होती. पण मागितला कधी नाही. मागायची तिला लाज वाटायची.

मग अनंतरावांची इमारत पाडायची ठरली. सामान आवरायला निघालं आणि नेमका त्याच बुधवारी कमळला ताप. तिनं धाकट्या जावेला, सुंदराबाईला पाठवलं. सुंदराबाई रिकामी पाटी डोक्यावर आणि काखेत गेंडा घेऊन आली.

"शुभाताई बोलल्या, आवडला तर ने. नेला," सुंदराबाई म्हणाली. "कसलं जनावर हाय गो हे?"

"गेंडा," कमळ गोधडीतून म्हणाली.

"झकास हाय. शिंग बघ. माझ्या पिंट्याच्या बोटीवर रंगवून घेते लहूभावजींकडून. कुणाची नजर लागायची नाही."

कमळनं तोंड उघडलं. जे जनावर जहाजासकट बुडालं ते कुणी बोटीवर काढतं का? दर्यावर जाणारा माणूस बुडाल्याचं नावसुद्धा घेत नाही. सांगायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, चित्र तर गेलंच, आता गोष्टपण हिलाच द्यायची? तिनं तोंड मिटलं आणि कूस बदलली.

सुंदराबाईचा नवरा कधीच वारला होता, पण तिच्याकडे पिंटू होता, जवान, बोटीचा नाखवा. कमळला मूलबाळ नव्हतं. तिच्याकडे होता लहू, तिचा नवरा. सगळ्या गावाच्या बोटी रंगवायचा. त्याच्या हातासारखा हात किनाऱ्यावर कुणाचा नव्हता, आणि कमळची ऐट म्हणजे तेवढीच.

पावसाळ्याची मासेमारी बंद होती. बोटी वाळूवर ओढलेल्या. लहू रोज सकाळी डबे घेऊन सुंदराबाईच्या अंगणापुढं ओढलेल्या पिंटूच्या बोटीकडे जायचा आणि दिवस कलल्यावर परत यायचा, कोपरापर्यंत करडा रंग.

"जेवायला वाढू?"

"जेवलो तिकडं. बोंबलाचं कालवण केलं होतं सुंदरानं. एक नंबर!"

"माझं कालवण काय कुत्र्याला घालू?"

"अगो, चित्र सोडून उठवत नाही," लहू हसत म्हणाला. "आजवर मासे काढले, मोर काढले, पण असलं जनावर हातून उतरलं नव्हतं. तू बघायला ये तरी."

"माझे पाय दुखतात," कमळ म्हणाली. तिचे पाय अजिबात दुखत नव्हते.

गावातली बायकामाणसं बघून आली. जो तो म्हणायचा, लहूदादा, हे तुझं सगळ्यात भारी काम. कमळ मासळी सुकवायच्या काठ्या उगाच पुसत बसायची. कधी कळेल सुंदरीला त्या गेंड्याचं काय झालं ते, मग बघू कशी मिरवते, असं तिला वाटायचं आणि त्यातच बरं वाटायचं.

नारळी पौर्णिमेला दुपारी पिंटू नवा शर्ट घालून पाया पडायला आला.

"काकी, नारळ तुझ्या हातचाच हवा. दरसालसारखा."

"तुझ्या आईला सांग की."

"आईचा नारळ कधी घेतलाय? सवाष्णीचा लागतो. आणि ऐक ना, पहिल्या फेरीला काका पण येतोय. बोलतो, माझा गेंडा पाण्यात कसा दिसतो बघायचंय."

पिंटू गेला. घरातले दोन्ही पुरुष त्या बोटीवर!

सगळा गाव मिरवणुकीला गेल्यावर ती नारळ ओटीत घेऊन किनाऱ्यावर गेली. बोटीवरचा गेंडा पहिल्यांदा बघितला तो तिथं. लहूनं काही सोडलं नव्हतं, खवला न् खवला उतरवला होता. आणि पायातली दोरी तर जाळ्याच्या नायलॉनसारखी भडक नारिंगी केली होती. दोन कोसांवरून दिसावी अशी.

कमळ घरी पळाली. उरलेल्या करड्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आली आणि दोरीवर रंग ओढू लागली.

"मला ठाऊकच होतं!" पाठीमागून आवाज आला. हातात पूजेचं ताट घेऊन सुंदराबाई उभी होती. "जळतेस तू! माझ्या पोराच्या बोटीची वाट लावतेस, लाज नाही वाटत?"

"जळते," कमळ म्हणाली. "चित्र माझं होतं. कालवण तुझं खाऊन येतो तो. म्हणून सांगितलं नाही तुला."

"काय नाही सांगितलं?"

मग कमळनं सांगितलं, राजा, जहाज, वादळ, सगळं. सुंदराबाईचं ताट कलंडलं, हळद वाळूत सांडली.

"पाय सुटे असते तर पोहला असता," कमळ म्हणाली. "म्हणून सोडवतेय त्याला. बाकी सगळं पुसायला वेळ नाही, आणि लहूच्यानं बघवणार नाही."

सुंदराबाईनं तिच्याकडे रोखून बघितलं. शिवी देते की काय असं वाटलं. मग तिनं कुंचला हिसकावला.

"इथं राहिलंय बघ. आंधळी मेली!"

शेवटचा नारिंगी ठिपका बुजतोय तोवर मिरवणूक आली. पुढे लहू. बोट बघून तो थबकला.

"माझी दोरी कुठाय?"

"मी पुसली, भावजी," कुंचला हातात धरून सुंदराबाई म्हणाली. "मला आवडत नव्हती."

कमळ हात पाठीमागं लपवून उभी.

लहूनं मान तिरपी करून बघितलं. "बरं केलंस सुंदरा. आता कसा मोकळा दिसतो! हे मला सुचायला हवं होतं."

कमळच्या छातीत पुन्हा ठिणगी पडली. चित्र सुंदरीचं, कौतुक सुंदरीचं, आता हेसुद्धा तिनंच केलं! सुंदराबाईनं नजर चुकवून ओठ दाबले. हसत होती मेली.

"काकी, नारळ!" पिंटू ओरडला.

ओटीतला नारळ काढून कमळला हात पुढे करावे लागले. पिंटूनं नारळ घेतला आणि फिरवून बघितला. "काकी, याला रंग लागलाय."

नारळावर करडी बोटं उमटली होती, पाचही. लहूनं ती बघितली, मग कमळकडे बघितलं.

"असू दे," कमळ म्हणाली. "तसाच सोड दर्यात."