सहा वाजताची टकटक

तिच्या वडिलांना सगळे कानवाले मेस्त्री म्हणत. गिऱ्हाइकाने गाडीचं दुखणं तोंडाने आवाज काढून सांगायचं, मेस्त्रींनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा काढायचा आणि "असा की असा?" विचारून नेमका दोष सांगायचा, ही त्यांच्या गॅरेजची चाळीस वर्षांची रीत. त्यांच्या स्वतःच्या जुन्या पेट्रोल गाडीचा एक टॅपेट, इंजिनातल्या झडपेचा खटका, मात्र कायम वाजत असे. "मेस्त्री, दिव्याखाली अंधार!" असं कुणी चिडवलं की ते नुसते हसत. ती टकटक त्यांनी मुद्दाम राखली होती. संध्याकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी ती ऐकू आली की तिची आई चहाचं आधण ठेवी.

गेल्या तीन वर्षांत आईच्या मनातून माणसं एकेक करून पुसली गेली. आधी शेजारी, मग लेक, शेवटी नवऱ्याचा चेहराही. टकटक तेवढी उरली. म्हणून मेस्त्री दिवसभर घरी असले तरी सहाच्या सुमारास मागच्या दाराने निघत आणि गाडीतून चार किलोमीटरांची चक्कर मारून पुढच्या दाराशी येत. आई दार उघडी. "आलात?" एवढंच विचारी. मग अर्धा तास ते पुन्हा तिचा नवरा असत.

लेकीला या चकरेचं काही ठाऊक नव्हतं. ती दूरच्या विद्यापीठात गाड्यांच्या धुराचा अभ्यास करी. खाणीतल्या धातूपासून भंगारापर्यंत, गाडीच्या अख्ख्या आयुष्याचा. "बाबा, विजेची गाडी घ्या. आईच्या छातीला दारातला धूर सोसत नाही," ती महिनोन्‌महिने सांगत राहिली. "तू शिकलेली. तुझं खरं," म्हणत त्यांनी अखेर मान तुकवली. जुनी गाडी मोडीत गेली आणि यंत्राखाली तिचा ठोकळा झाला.

नवी गाडी मुकाट दारात आली. आई खिडकीशी बसून राहिली. "हे अजून कसे आले नाहीत?" ती शेजारी बसलेल्या मेस्त्रींनाच विचारत होती.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन केला. तक्रार नव्हती. "बयो, या गाडीला जुना आवाज बसवता येतो का गं?" कारण विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

स्वयंपाकघरात तिने आपला धुराच्या हिशोबाचा तक्ता उघडला. "जुनी गाडी वर्षाला किती चालायची, बाबा?"

"दीड हजार किलोमीटर. ही रोजची चक्कर, दुसरं काय!"

तिने पंधरा हजार धरले होते, सर्वसाधारण माणसाचे. बॅटरी घडवताना धूर आधीच होऊन जातो. इथल्या कोळशाच्या विजेवर तो भरून निघायला वीस-तीस हजार किलोमीटर तरी लागणार होते.

"म्हणजे मला अजून पंधरा-वीस वर्षं तगायला हवं," मेस्त्री म्हणाले. "बघतो, जमलं तर."

तिला हसू आलं नाही. "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

"अगं, तुझा अभ्यास खोटा नाही. दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीवाल्याला मीही हेच सांगेन. फक्त आपल्या घराचं गणित निराळं होतं. आणि मी तरी कुठे बोललो?"

घड्याळाकडे पाहून ते उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी इंजिन घुरघुरलं. गिअर उतरला आणि टकटक ऐकू आली. क्षणभर लेकीला वाटलं, गाडी परत आली. आईने लगबगीने उठून दार उघडलं.

दारात मेस्त्री उभे होते. गाल लाल झालेले, धाप लागलेली. मागे गल्ली रिकामी होती. आईने त्यांच्या खांद्यावरून दूरवर पाहिलं.

"छान काढता हो आवाज," परक्याशी बोलावं तशा अदबीने ती म्हणाली. "पण यांची टकटक जरा सावकाश असते. या ना, बसा. हे येतीलच इतक्यात."

मेस्त्रींनी डोळे मिटले. त्यांनी पुन्हा आवाज काढला, या वेळी संथ.

"अशी," ते म्हणाले, आणि किंचित बदलून, "की अशी?"

आई लक्षपूर्वक ऐकत होती आणि हलकेच नकारार्थी मान हलवत होती. लेक आत गेली. तिने चहाचं आधण ठेवलं.