डाव्या डोळ्याचं औषध

१९८४ साली आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

माझे वडील पुंडलिकराव पांढुर्ण्यात संत्र्यांचे व्यापारी. झाडावरचा माल नुसता बघून अख्ख्या बगीच्याचा सौदा करायचे. त्यांना काचबिंदू झाला. डोळ्यांतला दाब वाढला की दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, डोकं ठणकायचं. जुन्या थेंबांनी बाहुली बारीक होऊन अंधारून यायचं, म्हणून ते थेंब त्यांनी सोडून दिले.

माझा धाकटा भाऊ हेमंत नागपूरला काचबिंदूवरच्या एका नव्या रसायनावर संशोधन करत होता. त्याला नावही नव्हतं, नुसता नंबर. माणसांवर चाचणी सुरू झाली तसं हेमंतनं बाबांचं नाव घातलं. दोन बाटल्या मिळाल्या. एका डोळ्यात औषध, दुसऱ्यात साधं पाणी, आणि दोन्हींतला फरक मोजायचा. कशात काय, ते सांगायचं नसतं. पण उजवा डोळा निवळला तसं माझ्या आईनं ओळखलं.

दिवाळीपर्यंत बाबांना आतल्या फांदीवरची संत्री दिसायला लागली. नागपूरला तपासणी झाली आणि हेमंत घरी आला. मीही सौंसरहून आले होते.

"माय, डाव्या डोळ्याचा दाब कसा उतरला?" हेमंतनं विचारलं.

"मी टाकून राहिली न उजव्याचं औषध. एकाले औषध आन् एकाले पाणी, सावत्र हाये का तो डोया?"

बाबा हसले. हेमंत हसला नाही.

"हे मले साहेबाले सांगा लागते. बाबांचं नाव कटन. औषध बंद होईन."

"नको सांगू न," मी म्हटलं. "कोणाले समजते?"

"ताई, माह्याच औषधाचे आकडे मीच खोटे भरू?"

"मंग आकडे नको भरू. औषध तेवढं देत जाय."

"बाहेर द्याची परवानगी नाही."

"नाव टाकाले बाप चालला तुले," आई म्हणाली, "आन् औषधाले परवानगी पायजे."

बाबा उठले, दोन्ही बाटल्या आणून त्याच्या हातात दिल्या. "ने बापा," एवढंच म्हणाले. हेमंतनं त्या पिशवीत घातल्या.

ते रसायन पुढे आलंच नाही. इतर रोग्यांचे डोळे लाल व्हायला लागले आणि कंपनीनं ते सोडून दिलं. बाबांनी जुने थेंब कधी घातले, कधी टाळले. लोधीखेड्याला फळगळ लागलेला बगीचा चांगला समजून त्यांनी सौदा केला, लोक हसले, मग ते सौद्याला गेलेच नाहीत. ऑपरेशन केलं तेव्हा उशीर झाला होता. बाबा आंधळेच गेले.

हेमंतला पदवी मिळाली. पुण्याला खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी करून तो निवृत्त झाला. आई मरेपर्यंत त्याच्याकडे राहायला गेली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमचा हेमंत लय खरा हाये." लोकांना ते कौतुक वाटायचं.

काचबिंदू आमच्या रक्तातच आहे, मलाही निघाला. बसनं नागपूरला जाऊन दाखवून येते. हेमंत फोनवर विचारतो, दाब किती निघाला. मी त्याला सांगत नाही.