पूजेतली चावी

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायला माझी हरकत नाही. आमच्या घरी पूजा नसते, तरी खंडेनवमीला ऑफिसातल्या शीतलने मॉनिटरला झेंडूची माळ घातली तेव्हा मीही पेढा खाल्ला आणि घरी जायला टेंभुर्णीच्या जीपमध्ये बसले. जीपमध्ये आमच्या कल्याण सरांचं स्टेटस उघडलं आणि किळस आली. पूजेचा फोटो होता. नारळ, झेंडू आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आमच्या क्लाउडची पक्की चावी, म्हणजे कधीच न बदलणारा लांबलचक पासवर्ड, एकेक अक्षर वाचता येईल असा.

त्या क्लाउडवर गावोगावच्या शेतकऱ्यांची आधारकार्डं, पासबुकं, सातबारे आहेत. माझ्या आईचे, म्हणजे गिरिजाबाईचे, कागदही त्यातच. मी शंभरदा सांगितलं होतं, रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाकायची, माझ्या मोबाइलवरचा आकडा द्यायचा, तात्पुरती चावी मिळते आणि संध्याकाळी आपोआप मरते. सरांना ती कटकट वाटे. मालक म्हणून सगळे अधिकार त्यांच्याकडे, म्हणून मी सुटीवर असताना त्यांनी माझ्या नावाने पक्की चावी काढली आणि मॉनिटरला चिकटवून टाकली. चोरी झाली असती तर चोर म्हणून माझंच नाव दिसलं असतं.

अर्ध्या वाटेत उतरले आणि समोरून आलेल्या एसटीने जाफराबादला ऑफिसात परतले. आधी ती चावी रद्द केली, मग ती कुणी वापरली का याच्या नोंदी तपासल्या. नशिबाने कुणी हात लावला नव्हता.

"काही झालं न्हाई ना? मंग कशाला बोंबलून राह्यली?" सर पेढा चघळत म्हणाले.

"सर, माझ्या आईचे कागद आहेत त्यात."

"माझ्या बी बापाचे हायेत. मी वरडलो का?"

या माणसाशी काय बोलायचं! मी स्टेटस काढायला लावलं, चिठ्ठीचे तुकडे केले आणि समोर बसवून कमांड टाकून दाखवली. मोबाइलवरचा आकडा दिला, नवी चावी आली.

"लई सोपं हाय की!" सर खूश झाले. मला क्षणभर बरं वाटलं.

"पण तू चारलाच जाती. मंग संध्याकाळी चावी मेली की काम अडतं. असं कर, तुझा मोबाइल हितंच ठेवत जा."

त्यांनी माझा मोबाइल उचलला आणि नारळाशेजारी ठेवला. कुंकू लागलं त्याला.

शीतल कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन आली. "साक्षीताई, मोबाइल उघडायचा पिन सांगा, लिहून चिकटवते."

मी मोबाइल उचलून ओढणीला पुसला. आईचे कागद आत नसते तर राजीनामा तिथल्या तिथे तोंडावर फेकला असता. शीतलच्या हातातली चिठ्ठी घेतली, फाडली आणि म्हणाले, "उद्या दसऱ्याची सुटी. परवा सकाळी आकडा द्यायला मीच येते."